मागे होते ते

'गोलंदाज' हा शब्द क्रिकेटने आपल्याकडून कधी पळवला ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आज गोलंदाज म्हटलं की बुमरा आठवतो. पेशवाईत हा शब्द तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता. गोळा टाकणारा तो गोलंदाज, इतकं सरळ. तोफखाना हा शब्द अजून टिकून आहे, अहिल्यानगरात त्या नावाची वस्ती आहे, पोलीस ठाणं आहे. तोफा तर निवडणुकीच्या सभांमधून दररोज धडाडतात. फक्त तोफ डागणारा माणूस तेवढा भाषेतून हद्दपार झाला. त्याला आता 'गनर' म्हणतात, आणि तेही घरात कोणी सैन्यात असेल तरच ठाऊक असतं.

आमच्या घरात एक गनर आहेत. माझे मोठे मामाजी. आर्वीजवळच्या एका खेड्यातले, १९६६ साली भरती झाले, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला शिकले, पंधरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून परत आले आणि मग कापूस-तूर करत राहिले. १९७१ च्या लढाईत ते शकरगढच्या आघाडीवर होते. नातेवाईकांना हे सगळं माहीत आहे, म्हणजे माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. मागच्या वर्षी एका लग्नात जेवणाच्या पंगतीत विषय निघाला तेव्हा आपल्यातलेच एक जण (नाव लिहीत नाही, वाचतील तेव्हा त्यांना कळेलच) म्हणाले, "हो, मामाजी लढाईत होते, पण मागे होते ते. तोफांपाशी." मामाजी समोरच बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना गेली तीस-पस्तीस वर्षं नीट ऐकू येत नाही, आणि ते का येत नाही हा प्रश्नही त्या पंगतीत कोणाला पडला नाही.

तेव्हापासून हे 'मागे होते' माझ्या डोक्यातून जात नाहीये. मंडळी, आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आपल्या मनातली लढाई म्हणजे हातघाईची. दोन माणसं समोरासमोर, एकाच्या हातात संगीन किंवा रायफल, एक पडतो, एक उरतो. पोवाड्यांपासून हिंदी सिनेमापर्यंत हेच चित्र आहे. या चित्रात गनर कुठे बसवायचा? त्याला शत्रू दिसत नाही. शत्रूला तो दिसत नाही. त्याने किती मारले हे त्याला कधीच कळत नाही. मग त्याची गोष्ट सांगायची कशी? आपण ती सांगत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून तो 'मागे' होता असं ठरवून मोकळे होतो.

तोफेचं काम नेमकं कसं चालतं ते मला मामाजींकडूनच कळलं. लहानपणी आपण भिंतीपलीकडच्या चिंचेला दगड मारायचो ते आठवा. झाड आपल्याला दिसत नाही. एक पोरगा भिंतीवर चढून बसलेला असतो. तो ओरडतो, "जास्त झाला, थोडा कमी! आता डावीकडे!" आणि खालचा तसा तसा दगड मारत जातो. तोफखाना याच तत्त्वावर चालतो. पुढे, पायदळाबरोबर किंवा त्याच्याही पुढे, एक अधिकारी दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसलेला असतो. तो लक्ष्य पाहतो. मधे एका खंदकात नकाशा आणि तक्ते घेऊन बसलेली माणसं अंतर, दिशा, वारा, हवेचं तापमान, दारू किती गरम-थंड आहे याचे हिशेब करतात. तोफेपर्यंत पोचतात ते फक्त आकडे. पहिला गोळा पडला की पुढून दुरुस्ती येते, इतके मीटर जोडा, इतके वजा करा, डावीकडे घ्या. असं करत करत गोळे लक्ष्यावर येतात, आणि मग सगळ्या तोफा एकदम सुरू होतात.

त्या वेळी आपल्या फील्ड रेजिमेंटांकडे बहुतेक ठिकाणी २५ पाउंडर तोफ होती. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात वापरलेली, भरवशाची. तिच्यावर सहा माणसं. एक हवालदार प्रमुख, एक जण तोफेचं मागचं झाकण उघडतो-लावतो आणि गोळा आत ठासतो, एक नेम बसवतो, एक भरतो, दोघे गोळे आणि फ्यूज तयार करून देतात. आधी गोळा, मग वेगळी दारूची नळी. जवळ मारायचं तर दारू कमी, लांब मारायचं तर जास्त. पल्ला १२ किलोमीटरच्या थोडा वर. म्हणजे आर्वीतून डागली तर गोळा पुलगावच्या रस्त्यावर तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच जाईल.

मामाजी १९७१ मध्ये नेम बसवणारे होते. मला वाटायचं नेम बसवणारा म्हणजे तो तरी शत्रूकडे पाहत असेल. तर नाही! त्याची दुर्बीण जमिनीत रोवलेल्या खुणेच्या काठीकडे लावलेली असते. रात्री त्या काठीवर एक बारीकसा दिवा असतो. आलेला आकडा यंत्रावर घालायचा, तोफ फिरवून दुर्बिणीची रेघ पुन्हा त्या काठीवर आणायची, बुडबुडा मधोमध आणायचा आणि 'रेडी' म्हणायचं. तोफ उडाली की सगळं हलतं. पुन्हा काठी, पुन्हा बुडबुडा. ते म्हणतात, "आमाले काई दिसत नाई बापू, आमाले आकडे दिसतेत. मी अख्खी लढाई एका काडीकडं पाहून काढली."

हे वाक्य ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. अख्खी लढाई एका काठीकडे पाहून काढणं! आणि त्यात हलगर्जीपणाला जागा नाही. पायदळ हल्ला करायला निघालं की तोफांचे गोळे त्यांच्या पुढेच पडत असतात, आणि आपली माणसं जवळ पोचली की ते गोळे पुढे सरकवायचे किंवा थांबवायचे असतात. अंतर काही शे मीटरचं. अशा वेळी पहाटे तीन वाजता, डिसेंबरच्या थंडीत, दोन रात्री न झोपलेल्या, कानात कापसाचे बोळे घातलेल्या माणसाने एक आकडा चुकवला तर? "चूक झाली तं आपलेच पोट्टे मरतेत," मामाजी सांगतात. संगीन घेऊन धावणाऱ्याला जे धाडस लागतं ते मी कमी लेखत नाही. पण पाचशेव्या वेळेलाही पहिल्या वेळेइतक्याच काळजीने बुडबुडा मधोमध आणणं, याला आपल्याकडे शब्दच नाही. शौर्य म्हणावं तर ते डोळ्यांत भरत नाही, आणि कामसूपणा म्हणावं तर तो शब्द फार लहान पडतो.

आता वजनाचा हिशेब. (आर्वीच्या माणसाला क्विंटलमध्ये सांगितलं की लगेच समजतं.) २५ पाउंडरचा गोळा म्हणजे सव्वाअकरा किलो. समजा एका तोफेने एका रात्रीत २०० गोळे डागले, तर साडेबावीस क्विंटल लोखंड झालं. ते ट्रकमधून उतरवा, खड्ड्यात रचा, तिथून उचलून तोफेशी आणा, फ्यूज लावा, भरा. तेच साडेबावीस क्विंटल दोनदा-तीनदा हाताळायचे. बाजार समितीतला हमालसुद्धा म्हणेल की भाऊ, जरा दम घेऊ द्या. आणि हे करायच्या आधी तोफेचा खड्डा खणलेला असतो, तो याच सहा जणांनी. हुकूम आला की तोफ ट्रकमागे जोडायची, अंधारात दिवे न लावता चार-पाच किलोमीटर जायचं आणि तिथे पुन्हा खणायचं.

का हलायचं? कारण तोफ उडाली की पत्ता सांगते. उजेड दिसतो, आवाज मोजता येतो, आणि समोरच्यांकडेही हिशेब करणारी माणसं बसलेली असतात. तुमचे गोळे गेले की थोड्या वेळात त्यांचे येणार, हे धरूनच चालायचं. दिवसा विमानं असतात. तेव्हा त्या 'मागे'मध्ये किती मागे होते, हे एकदा मोजून बघावं. पायदळापेक्षा काही किलोमीटर मागे आणि शत्रूच्या तोफांच्या पल्ल्याच्या पुरेपूर आत.

पश्चिम आघाडीवर ती लढाई ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाली आणि १७ तारखेला रात्री आठ वाजता थांबली. चौदा दिवस. पण आपण सगळे जी गोष्ट विसरतो ती ही, की त्या रात्री कोणी घरी आलं नाही. शकरगढ भागात आपण घेतलेला मुलूख सिमला करारानंतर परत द्यायचा होता, आणि फौजा मागे आल्या त्या १९७२ च्या डिसेंबरात. म्हणजे चौदा दिवसांच्या लढाईसाठी मामाजी वर्षभराहून जास्त तिकडेच होते. आमच्या घरच्या आठवणीत हे वर्ष कुठेच नाही. आजीला एवढंच आठवायचं की त्या वर्षी पत्रं यायची आणि पाऊस नव्हता. (१९७२ चा दुष्काळ. पाऊस नव्हताच.)

सरकारदरबारीही फार वेगळं नाही. स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्र २१ जणांना मिळालं. त्यात पायदळ आहे, रणगाडादल आहे, आपले कारवारकडचे रामा राघोबा राणे इंजिनियर्समधले आहेत, विमानदलाचे सेखों आहेत. तोफखान्यातला एकही नाही. अब्दुल हमीद यांचं नाव कोणी घेईल, पण जीपवरची तोफ चालवणारा तो वीर ग्रेनेडियर्सचा, म्हणजे पायदळाचाच. यात कोणाचा कट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पदक द्यायचं तर एका माणसाने एका ठिकाणी केलेली एक कृती लागते, कोणीतरी पाहिलेली. तोफेवर सहा जण मिळून एक काम करतात, रेजिमेंटमध्ये अठरा तोफा, आणि परिणाम होतो तो दहा किलोमीटरवर. पदक कोणाच्या छातीवर लावणार?

दुसऱ्या महायुद्धात मात्र एका भारतीय तोफखान्याच्या हवालदाराला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हरियाणातले उमराव सिंग, डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादन खोरं. जपानी तुकडी तोफेवर चालून आली, साथीदार पडले, तेव्हा त्यांनी तोफ उचलायचा लोखंडी दांडा हातात घेतला. काही तासांनी आपली माणसं पोचली तेव्हा सात मोठ्या जखमा झालेले उमराव सिंग जिवंत होते आणि भोवती दहा जपानी मरून पडले होते. २००५ साली ते वारले. थक्क करणारी गोष्ट आहे. पण गंमत बघा, गनरची कीर्ती झाली ती कधी? तोफ सोडून दांडा हातात घेतला तेव्हा. हातघाईवर आला तेव्हा. त्या आधी जितके दिवस त्याने इमानेइतबारे गोळे डागले असतील, त्यांची गोष्ट झाली नाही.

आणि या देशात गनर व्हायला मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट होती. १८५७ नंतर इंग्रजांनी डोंगरी तोफांच्या काही बॅटऱ्या सोडल्या तर हिंदी माणसाला तोफेला हात लावू दिला नाही. आपण महादजींच्या तोफखान्याच्या गोष्टी सांगत राहिलो, आणि पाऊणशे वर्षं तोफा गोऱ्यांकडेच होत्या. १९३५ साली बंगळूरला पहिली हिंदी फील्ड ब्रिगेड उभी राहिली. म्हणजे मामाजी भरती झाले तेव्हा या गोष्टीला तीस-एकतीस वर्षंच झाली होती.

कारगिलच्या वेळी वाटलं होतं की आता बदलेल. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज बोफोर्स दिसायची. ज्या तोफेच्या नावाने बारा वर्षं शिव्या घातल्या, तिच्याच नावाने लोक टाळ्या वाजवायला लागले. सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं त्या लढाईत डागली गेली. डोंगरावर चढणाऱ्या पोरांना त्यांचाच आधार होता. पण नीट आठवून पाहा, तोफेचं नाव आपल्याला पाठ आहे. तोफेवरच्या एका तरी गनरचं नाव आठवतं का? २०२२ साली द्रासजवळच्या पॉइंट ५१४० ला 'गन हिल' असं नाव दिलं. चांगलं केलं. तरी नाव पुन्हा गनचंच.

आमच्या वर्धा जिल्ह्याला तर हे सगळं परकं असायचं काहीच कारण नाही. देशातला सगळ्यात मोठा दारूगोळ्याचा साठा आमच्या पुलगावात आहे. आर्वी-पुलगाव शकुंतला चालायची तेव्हापासून आम्ही तारांच्या कुंपणापलीकडचे ते हिरवे माळ बघत आलो. तिथे ठेवलेला गोळा शेवटी कुठल्यातरी अनोळखी गनरच्या हातात जातो. अंबाझरीला गोळ्यांची टरफलं होतात, भंडाऱ्याला स्फोटकं होतात, चांद्याच्या कारखान्यात ती भरली जातात. गव्हाला पंजाब तसा तोफगोळ्यांना आपला विदर्भ. आणि त्याची किंमतही इथे मोजली आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या डेपोत रणगाडाविरोधी सुरुंगांच्या शेडला आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह १६ हून जास्त माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेलेच जास्त. २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, बहुतेक आसपासच्या गावांतले रोजाने जाणारे मजूर. तीही 'मागची'च माणसं. सीमेपासून हजार किलोमीटर मागे.

आर्वीच्या लोकांना आठवण ठेवता येत नाही असं कोणी म्हणू नये. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीत काय झालं हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. गावाच्या नावापुढेच 'शहीद' लागलं आहे. ते योग्यच आहे. पण मेलेल्याचं काय करायचं हे आपल्याला ठाऊक आहे, दगड उभा करतो, नाव कोरतो, वर्षातून एकदा हार घालतो. लढाई करून धडधाकट परत आलेल्या, नंतर चाळीस वर्षं तूर पेरणाऱ्या माणसाचं काय करायचं हे ठाऊक नाही. मग पंधरा ऑगस्टला खुर्ची द्यायची, शाल घालायची, आणि विचारायचं काय? "मामाजी, तुम्ही किती मारले?"

हा प्रश्न लहानपणी घरातल्या सगळ्या मुलांनी त्यांना विचारला आहे. ते उत्तर द्यायचे नाहीत, बाहेर निघून जायचे. घरात समज असा की त्यांना सांगायला काही नाही, कारण ते 'मागे' होते. आता या वयात, गेल्या उन्हाळ्यात, त्यांनी स्वतःहून एकदा विषय काढला. म्हणाले की एका रात्री खूप वेळ एकाच आकड्यावर मारा चालू होता. तिथे काय आहे ते तोफेवर कोणाला सांगत नाहीत, सांगायची पद्धत नाही. "तेथं गाव होतं का? मी तं नाई इचारलं. इचारलं असतं तरी कोन सांगतं?" एवढंच. चौपन्न वर्षं हे त्यांच्याकडे होतं. रायफलवाल्याला निदान आपण काय केलं ते माहीत असतं, चांगलं किंवा वाईट. गनरला ते माहीतच नसतं, आणि नंतर कोणी सांगायला येत नाही. 'किती मारले' या पोरकट प्रश्नावर माणूस उठून बाहेर का जातो, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून माझं मत असं की प्रश्न बदलायला हवा. एकाहत्तरची लढाई केलेले जवान आता सगळे सत्तरीच्या पुढे आहेत, आपापल्या गावात तंबाखू मळत बसलेले आहेत. त्यांना शौर्य विचारू नका, काम विचारा. तुमचा नंबर कितवा होता? गोळा किती जड होता? खड्डा कसा खणायचे? झोपायचे कुठे? कानाला काय झालं? कामाबद्दल विचारलं की ही माणसं बोलतात, आणि अशी बोलतात की आपण थक्क होतो. मामाजींना ऐकू येत नसल्यामुळे मी वहीत मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून समोर धरतो, ते वाचून उत्तर देतात, ते मी खाली लिहितो. त्यामुळे सगळं आपोआपच लिहून होतंय. (बहिऱ्या माणसाशी बोलायचा हा फायदा त्यांनीच मला दाखवून दिला, हसत हसत.) सत्तावीस पानं झाली आहेत. बुडबुड्यावर चार पानं आहेत!

नातेवाईक मंडळींसाठी एक काम. तोफेवरच्या सहाही जणांचा १९७२ मध्ये काढलेला एक फोटो नागपूरला मोठ्या मावशीकडे होता. तो कोणाकडे असेल तर स्कॅन करून पाठवा, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू पाठवा. मामाजी सोडून बाकीच्या पाचांपैकी चौघांची नावं आणि गावं त्यांनी सांगितली आहेत. पाचवा गोळा भरणारा होता, बिहारचा, डाव्या हाताने जेवायचा म्हणून हवालदार त्याला रोज बोलायचा. त्याचं नाव त्यांना आठवत नाहीये, आणि त्या दिवसापासून ते रोज सकाळी वही मागून घेतात, एखादं नाव लिहितात, थोडा वेळ बघतात आणि खोडतात.